जाकड नेलेली साडी

आर्वीच्या आमच्या कापडाच्या दुकानात जाकडची पद्धत होती. बाईला साडी आवडली पण मन ठरत नसलं, की ताई घडी तिच्या हातात ठेवायची. ‘घरी नेऊन दाखव. पसंत पडली तर ठेवजो, नाई तर आणून देजो.’ साडी सहसा परत यायची नाही.

ताई माझी थोरली बहीण. दुकान तिचं. मी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, दुपारी तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसणारी. ऑनलाइन दुकान काढलं तेव्हा साड्यांची वर्णनं मी लिहिली, अगदी मन लावून. लोक यायचे, पाहायचे, निघून जायचे. ताईनं एक वर्णन मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाली, ‘बाई, सुंदर हाये. पण यात साडी कुठी हाये?’

मग तिनं मला व्हिडिओ काढायला फोन धरायला सांगितला. गादीवर बसली, साडी उलगडली, पदर मुठीत चुरगाळून सोडला, आणि समोर कोणी बसल्यासारखी बोलू लागली. ‘पाह्य माय, चुरगळत नाई. पहिल्या धुण्यात रंग थोडा जाईन, मंग नाई जात. खोटं काऊन सांगू?’

रंगाचं तेवढं काढून टाकू, मी म्हटलं.

‘तेच ठेव. तेच आयकून घेतीन.’

तसंच झालं.

कार्टमध्ये साडी टाकून गेलेल्यांना ‘लवकर करा, संपत आलं’ असे निरोप पाठवायचे असतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. ताईला ते पटलं नाही. ‘घाई केली की बाई उठून जाते. ते घरी दाखवून राह्यली असंन. जाकड नेली समज.’ मग काही दिवसांनी ती स्वतः फोन करायची. आधी घरच्यांची चौकशी, साडीचं अगदी शेवटी.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. दुकान आता मी चालवते. आमच्याकडे प्रत्येक साडीचा एकच नग असतो. ती विकली की तिचं पान काढावं लागतं, नाहीतर लोक तीच मागत राहतात. पान गेलं की त्यावरची ताईही जाते. व्हिडिओ माझ्या फोनात आहेत. पण मी एकटीनं ते पाहणं वेगळं आणि तिनं परक्या बायांशी बोलत बसणं वेगळं. गिऱ्हाइकाची मी दिवसभर वाट पाहायची, आणि ऑर्डर आली की पान काढायचं संध्याकाळपर्यंत टाळत राहायची.

शेवटी ताईचा व्हिडिओ असलेली एकच साडी राहिली. मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची, सुती. कारंज्याच्या एका बाईंनी ती कार्टमध्ये टाकली आणि तशीच ठेवली. मी फोन करत नव्हते. एका दुपारी त्यांचाच आला.

‘व्हिडिओतल्या बाई तुम्हीच का?’

‘नाही. ती माझी बहीण.’

‘मंग त्याइले द्या न फोन. मागची साडी घेतली अन् तिथच्या बाई दिसेनाशाच झाल्या. म्हणून हे घेऊन नाई राह्यली. भाकरी झाल्या की आयकत बसतो त्याइले. आमच्या घरी इतकं कोणी बोलत नाई.’

 ताई हिवाळ्यात गेल्याचं मी सांगितलं. पलीकडून हायवेवरचे ट्रक ऐकू येत राहिले.

‘लिहून काऊन नाई ठेवलं तिथी?’

‘दुकानावर कोणी तसं लिहितं का?’

‘तेही खरंच हाये,’ त्या म्हणाल्या. ‘मंग साडी घेतो मी. पाठवू नका. आर्वीले येतो तवा नेतो. कुठी बसत होत्या ते तरी पाह्यतो.’

त्या आल्या. माझ्याहून लहान, उन्हातून आल्यानं तोंड लाल झालेलं. गादीच्या कडेला बसल्या, मध्ये बसल्या नाहीत. साडी न उलगडताच पिशवीत घातली आणि पाणी प्यायल्या.

‘तुम्ही नाई बोलत का तसं?’

‘मला नाही जमत.’

‘बोलून पाह्यजा. इथी काय सभा भरली हाये?’

मी हसले. त्यांनाही हसू आलं, पण पदर डोळ्यांना लावून त्या उठल्या.

त्यांची बस सुटल्यावर मी दुकानात येऊन ते पान काढलं. आता आमच्याकडे येणाऱ्याला साड्या दिसतात, भाव दिसतो. ताई दिसत नाही.