घरच्या वाफ्यातली वांगी

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या बाबांजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कधी आमच्या घरी जेवायला बसणार नाही, म्हणून असेल. जे बसतात त्यांच्या तोंडाकडे पाहून माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

आमचं शेत मावल्याला, आदिलाबाद शहराला लागून. आजोबांपासून भाजीवाले आम्ही. वांगी, भेंडी, टमाटे, कोथिंबीर, अंबाडी. बाबा मोटरसायकलला टोपल्या बांधून बाजारात नेतात. गिऱ्हाइकाशी तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि तराजूशी मात्र मराठी — माप पुटपुटतात ते मराठीतच.

आता एक गोष्ट सांगते, जी भाजीवाला गिऱ्हाइकाला सांगत नाही. आमच्या शिवारात प्रत्येकाच्या विहिरीजवळ एक लहानसा वाफा असायचा. घरचा वाफा. बाजारच्या वाफ्यांवर औषध मारायचं — कीटकनाशकाला आमच्याकडे औषधच म्हणतात — पण घरच्या वाफ्यावर फवारणीचा पंप न्यायचा नाही. त्यामुळे बाजारातली वांगी आरशासारखी चकचकीत, आणि आमच्या ताटातली किडकी. आई विळीवर किडका भाग उडवायची आणि म्हणायची, "किडा खाते, त आपल्याले बी चालते." यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत. सगळेच करतात ते पाप कोणाच्या नावावर मांडणार?

पुढे मी हैदराबादला विद्यापीठात गेले, पर्यावरण शिकायला. सुरुवातीच्याच दिवसांत वर्गात चर्चा निघाली आणि एक मुलगा म्हणाला, हे भाजीवाले स्वतः वेगळं खातात आणि लोकांना विष विकतात. सगळे हळहळले. आणि मी — मला कोणी काही विचारलंही नव्हतं हो — मी उठून म्हणाले, आमच्या शेतात फवारणी होत नाही.

का म्हणाले? बाबांची अब्रू राखायला? तसं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. बाबांची नाही, स्वतःची राखत होते मी. त्या वर्गात मला भाजीवाल्याची पोर व्हायचं नव्हतं.

सरांनी ते वाक्य लक्षात ठेवलं. प्रबंधाची वेळ आली तेव्हा विषय ठरला: मावल्याच्या भाजीत औषध किती उरतं. फवारणीची शेतं बरीच होती. तुलनेसाठी एक बिनफवारणीचं शेत हवं होतं. सर खूश होऊन म्हणाले, तुमचंच घ्या की! तेव्हा तरी बोलायचं. सर हसले असते, फार तर रागावले असते. मी मान हलवली.

मग मी पिशव्या घेऊन शिवारात फिरले. आमच्या बांधाला लागून सुशीलाकाकूचं शेत. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसते. मी काही म्हणायच्या आधीच ती बोलली, "घरच्या वाफ्यातलं नको नेऊ पोरी, ते त आमच्या पोटासाठी हाय. बाजारात जाते तेच ने. काय निघते ते समजू त दे." तिनं स्वतः वांगी तोडून पिशवीत भरली.

आमच्या शेतात बाबांनीही तेच केलं होतं. लिंबाखाली माझ्यासाठी बाजारची वांगी टोपलीत काढून ठेवली होती. बाबा मोटर चालू करायला गेले आणि मी घरच्या वाफ्यात शिरले. तिथली वांगी किडकी, तशी नेली असती तर सरांना चाललीही असती. पण मला बाजारच्यासारखी चकचकीत हवी होती. पानं उलटून उलटून एकेक बिनकिडकं वांगं शोधलं. टोपलीतली वांगी बाजारच्या ढिगात ओतून दिली. म्हणजे चुकून झालं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवली नाही.

तपासणी झाली. आमचं वांगं स्वच्छ. सगळ्यात वाईट निघालं सुशीलाकाकूचं.

सर मावल्याला आले, शाळेत सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. नावं घेतली नाहीत, नुसती अक्षरं. पण आमच्या शिवारात अक्षरं कुठवर लपणार? चहा होईपर्यंत कोणाचं कोणतं शेत ते सगळ्यांना कळलं होतं. सर इंग्रजीत बोलत होते आणि मी मराठीत सांगत होते. सर म्हणाले, हे शेत बिनफवारणीचं, म्हणून स्वच्छ. मी सांगितलं, हे शेत स्वच्छ. मधले शब्द मी गिळले. समोर बाबा बसले होते ना.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "माह्या वांग्यात काईच नाही निघालं? औषध त मी बी मारतो. तू कोणच्या वाफ्यातलं नेलं होतं?"

"टोपलीतलंच," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो. आपलं औषधाचं प्रमाण बरोबर आहे, आपण कोणाला वाईट खाऊ घालत नाही — हे त्यांना इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मनाला ते इतकं लागून होतं, हे तरी मला कुठं माहीत होतं? मी त्यांना ओळखतच नव्हते, असं म्हणा.

पुढच्या हंगामात त्यांनी घरचा वाफा मोडला. मी तेव्हा घरी होते, चहा घेऊन शेतात गेले तर विहिरीजवळ वखर चालू. आई म्हणत होती, राहू द्या, कशाला मोडता. बाबा म्हणाले, "आता काऊन पाहिजे वेगळं? जे लोकायले तेच आपल्याले. पोरीनं मशीनवर तपासेल हाय." माझ्या हातात चहा होता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलले असते तर डिग्री गेली असती, कदाचित, आणि बाबांच्या नजरेतून उतरले असते, नक्कीच. मी चहा दिला आणि घरी आले.

सुशीलाकाकूची गिऱ्हाइकं तुटली. बाजारात तिच्या टोपलीपुढे लोक थांबेनात. तिनं भाजी सोडून कापूस लावला. एकदा तरी तिनं मला टाकून बोलावं, असं मला वाटायचं. ती बोलली नाही. म्हणाली, "माहंच औषध जास्त पडत असन." आता ती भाजी आमच्याकडून नेते. गुडीहत्नूरच्या भावालाही तिनं सांगून ठेवलंय, घ्यायची तर यांचीच घ्या.

मी आता कॉलेजात शिकवते. नमुना कसा घ्यायचा हा धडा दरवर्षी मीच घेते. मुलांना सांगते, हाताला येईल ते फळ घ्या, निवडायचं नाही. सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलत नाही, याचीच मला भीती वाटते. कोणाला काही झालेलं नाही अजून, असं मी मनाशी म्हणते. तो 'अजून' मात्र काही केल्या वाक्यातून निघत नाही.

मागच्या महिन्यात लेकीला घेऊन माहेरी गेले होते. आईनं भरली वांगी केली होती. विळीवर आता नुसत्या चिरा पाडायच्या, कापून टाकण्यासारखं काही निघतच नाही. लेकीनं ताट सरकवलं, वांगं नको म्हणाली. बाबांनी आपल्या हातानं एक घास केला आणि तिच्यापुढे धरला. "खाय माय, तुह्या आईनं तपासेल हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरंच का, असं.

मी म्हणाले, हो.

तिनं तोंड उघडलं.