आईच्या नावाचा पाट

धाकट्या बहिणीचं कौतुक वैशालीला सोसत नसे आणि ते लपवण्याची कलाही तिच्याकडे नव्हती. क्षिप्राला आईचं नाक मिळालं, आईचा आवाज मिळाला. "धाकटी अगदी आईवर गेलीय हो," असं कुणी म्हटलं की वैशालीच्या पोटात दुखायला लागे. ती स्वतः बाबांवर गेली होती, रुंद कपाळासकट.

आई गेली तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. कॅन्सरनं नेलं. सवाष्ण गेली म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला बाबांच्या उलव्याच्या फ्लॅटवर तिच्या नावानं सवाष्ण जेवते. रीत बाहेरची बाई बोलवायची, पण नंदकुमारांची, म्हणजे बाबांची, रीतच वेगळी. मुलींची लग्नं झाली तसे ते पाटावर क्षिप्रालाच बसवू लागले आणि ती जेवताना तिच्याकडे बघत राहायचे. वडे तळायचे वैशालीनं, ओटी भरायची क्षिप्राची. कढईतल्या तेलापेक्षा वैशालीच जास्त तापलेली असे.

यंदा उन्हाळ्यात क्षिप्राच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बाबांसह दोघी बहिणींची जनुकं तपासायला सांगितली.

"आपल्या पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन असतं," डॉक्टर म्हणाले. "पेशीतला डीएनए बिघडला की ते तिला थांबवतं. दुरुस्ती जमली तर ठीक, नाहीतर पेशीला मारणारी जनुकं चालू करतं. बिघडलेली पेशी मुकाट मरते, तिची गाठ होत नाही. हे प्रथिन बनवणारं जनुकच क्षिप्राला सदोष मिळालंय. बाबांमध्ये दोष नाही, म्हणजे ते आईकडून आलं. पुन्हा गाठ होऊ शकते, म्हणून तपासण्या आता जन्मभर करायच्या." मग वैशालीकडे वळून म्हणाले, "तुमच्यात तो दोष नाही."

परतताना रिक्षात वैशालीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आईचं हेसुद्धा हिलाच मिळालं. लगेच तिला स्वतःची किळस आली. बिघडलेली पेशीही वेळेवर मरते, आपला हेवा मात्र लहानपणापासून धडधाकट आहे.

नवमीला क्षिप्रा डोक्याला रुमाल बांधून आली. औषधांनी केस गेले होते. बाबांनी पाट मांडला, तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाबा, यंदा ताईला बसवा ना. आईसारखं असायचं मला टेन्शन आलंय."

वैशालीनं गॅस बंद केला. इतकी वर्षं डोळ्यात खुपणारा पाट समोर रिकामा होता.

"मी नाही बसणार. आणि तूही नाही बसायचंस," ती म्हणाली. "बाबा, समोरच्या गीतांजलीवहिनींना बोलवा. सवाष्ण बाहेरचीच असते."

बाबांनी जाऊन समोरची बेल वाजवली.

वहिनी जेवून, ओटी घेऊन गेल्या. मग तिघं पानावर बसली. बाबांनी खिरीचा पहिला डाव क्षिप्राच्या वाटीत घातला आणि नेहमीसारखे तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. वैशालीच्या पोटात दुखलं. दुखू दे, तिला वाटलं. दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत दर नवमीला असंच दुखू दे.