मेहुण्याचा तापट तारा

जालना जिल्ह्यात माझ्या मेहुण्यापेक्षा संतापी माणूस कुणी दाखवला, तर मी त्याच्या घरी पाणी भरीन. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि उरलेला वेळ चिडण्यात घालवतो. चहात विलायची पडली की चिडतो, कुणी "पाऊस कधी पडंल?" विचारलं की चिडतो. हा तारे बघतो म्हणून तीर्थपुरीच्या एका पाटलांनी भोळेपणानं भविष्य विचारायला हात पुढं केला, तर भर बाजारात ओरडला, "मी ताऱ्यातलं कॅल्शियम बघतो! तुमच्या हातात हाय का कॅल्शियम?" पाटील बिचारे दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून आले.

त्याचा विषयही त्याच्यासारखाच तापट: तरणे तारे. ताऱ्याचा उजेड फोडून रंगांचा पट्टा करायचा आणि त्या वर्णपटात कॅल्शियमची काळी रेघ शोधायची. तारा तरणा असला की त्या काळ्या रेघेच्या मधोमध उजेड उफाळून येतो. म्हणजे वरचा तापलेला थर खवळलाय. हे सगळं तो पुरणपोळी खाताना सांगायचा, आणि मी मान डोलावली नाही तर पोळी टाकून उठायचा.

माझ्या पोरीचं लग्न ठरलं, नेमकी त्याच तारखेची रात्र त्याला डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर मिळाली. कैक वर्षं अर्ज करून मिळालेली. फोन आला, "दाजी, तारीख बदला."

"अरे, तारा काय पळून चालला का? दुसऱ्या दिवशी बघ की!"

"तारा तिथंच हाय, पण दुसऱ्या दिवशी दुर्बीण माझी न्हाई!"

दोघंही असे ओरडलो की शेजारचे गोळा झाले. एकुलता एक मामा आणि ही तऱ्हा! पत्रिकेतून त्याचं नाव काढायला मी निघालोच होतो. बायको आडवी आली.

कुंभार पिंपळगावला गोरज मुहूर्त. भटजींनी माइकवर पुकारलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" बायकोचा चुलतभाऊ पुढं सरसावला, तर पोरगी खोलीतून हलेना. "माझा मामा आल्याबिगर मी न्हाई उठणार." वरपक्षात कुजबुज सुरू झाली. मी दातओठ खात उभा. तेवढ्यात खांद्यावर बॅग, अंगात डोंगरावरच्या थंडीसाठी घेतलेलं स्वेटर, असा घामाघूम होऊन हा हजर!

"मनमाडपर्यंत गेल्तो," तो माझ्यावरच खेकसला. "गाडी बदलताना तुमचा असा राग आला! म्हटलं, दाजींशी तोंडावर भांडल्याबिगर पुढं जायचंच न्हाई."

मग पोरीकडे वळून हळूच म्हणाला, "चल, माय." मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभा होता. स्वेटर काढायचंही भान नाही.

अक्षता पडल्यावर मी त्याला मंडपाबाहेर गाठलं. "घे, भांड आता!"

तो वर बघत होता. आभाळ अगदी साफ, चांदण्या नुकत्या दिसू लागलेल्या.

"कुठाय रे तुझा तारा?"

"नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाई, दाजी."

तरी बघतच राहिला. त्या दुर्बिणीवरची रात्र त्याला अजून पुन्हा मिळालेली नाही. जेवायला चल म्हणून मी त्याच्यावर ओरडणार होतो, पण मीही त्याच्याशेजारी उभा राहून वर बघू लागलो.