जिन्यातले बुधवार

त्या डॉक्टरीणबाईंना सगळे 'सावकाश डॉक्टर' म्हणत. तोंडावर नाही, पण कानावर पडेल इतक्या अंतरावरून. त्या चालत सावकाश, बोलत सावकाश, आणि समोरच्याचं बोलून झालं तरी अजून काही येतंय का, याची वाट बघत गप्प बसत. मोठ्या मनोरुग्णालयात अकरा वर्षं काढल्यावर त्यांनी वस्तीतल्या लहानशा केंद्राच्या प्रमुखपदावर बदली मागून घेतली, तेव्हा बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. वेड्यांच्या डॉक्टरलाच वेड्यात काढलं, हा विनोद त्यांचा नवरा पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवत असे. बदलीचं कारण तसं साधं होतं. रुग्णालयात एका लांबलचक बोळातून माणसं त्यांच्याकडे येत आणि त्याच बोळातून परत जात. बोळाच्या पलीकडे ती कुठे जातात, तिथल्या खिडकीतून काय दिसतं, हे बाईंना बघायचं होतं.

केंद्र म्हणजे वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्या. बाई धरून माणसं तीन. सिस्टरनी बावीस वर्षं घरोघरी जाऊन इंजेक्शनं दिलेली. कुणाच्या घरातली पायरी मोडकी आहे, हेही त्यांना पाठ. समाजसेवक चाळिशीचा, हळवा. कुणाला जबरदस्तीनं न्यायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

पुस्तकबांधणीचं काम करणारी एक बाई सहा वर्षं नियमानं केंद्रात यायची. एके वर्षी थंडीच्या सुरुवातीला ती यायची थांबली. दोन गल्ल्या सोडून तिचा भाऊ राहायचा, तो बस चालवायचा. त्यानं येऊन सांगितलं, की तिनं गोळ्या बंद केल्यात, दाराला आतून कडी घातलीय, भिंतींमधून कुणीतरी आपलं नाव पुसून टाकतंय म्हणते. दाराशी डबा ठेवला तर तेवढा आत घेते.

बैठकीत दोन तट पडले. सिस्टरचं म्हणणं, आत्ताच दवाखान्यात न्यावं. समाजसेवकाचं म्हणणं, ती कुणाला इजा करत नाही, डबा खातेय, मग दार फोडायचा आपल्याला काय अधिकार? दोघं बोलून दमले आणि बाईंकडे बघू लागले. प्रमुख होण्यातली ही घटका बाईंना कधीच आवडली नव्हती.

"मी जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "बघू."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी बाई तिसऱ्या मजल्यावर जाऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसू लागल्या. दारावर एकदाच टकटक करायची, आपण कोण ते सांगायचं, मग नुसतं बसायचं. जिन्याच्या खिडकीला दुधी काच होती. तिच्यातून धुक्यासारखा उजेड उतरायचा आणि पायऱ्या, कठडा, बाईंचे स्वतःचे हात, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलकं होऊन जायचं. खालच्या मजल्यावर कुणीतरी शिवणयंत्र चालवी. त्या आवाजावर तरंगत बाई कुठल्या कुठे जात. लहानपणी तापात पडल्यावर आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. आत आली नाही तरी ती तिथे आहे हे कळायचं. ते आठवता आठवता त्यांना वाटे, दाराच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे आता नीटसं सांगता येणार नाही. अशाच एका दुपारी त्यांचा डोळा लागला.

"डॉक्टर, घोरू नका," आतून आवाज आला.

पाच आठवड्यांतले ते पहिले शब्द. बाई दचकून उठल्या, माफी मागितली आणि पोरीसारख्या हसत जिना उतरल्या. केंद्रात आनंदीआनंद झाला. समाजसेवकानं तर डोळे पुसले. फक्त सिस्टर म्हणाल्या, की आवाज आला हे खरं, पण तो कसा होता? बाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही. त्या अजून त्या दुधी उजेडातच होत्या.

आणखी दोन बुधवार गेले. आतून शब्द आला नाही, पण बाईंना त्याचं काही वाटलं नाही. धीर धरणाऱ्याला फळ मिळतं, अशी त्यांची खात्रीच झाली होती. मग एका सकाळी सिस्टर थेट बसच्या थांब्यावर गेल्या आणि भावाला बाजूला घेतलं. त्याला उलटसुलट विचारलं तेव्हा तो रडायला लागला. तीन आठवडे डबा जसाच्या तसा परत येत होता. बहिणीला उचलून नेतील म्हणून त्यानं तोंड मिटून घेतलं होतं.

सिस्टर केंद्रात आल्या त्या बसल्याच नाहीत. "मॅडम, आता थांबायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या क्षणी बाई झोपेतून जाग्या झाल्यासारख्या झाल्या. समाजसेवकानं तोंड उघडलं होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं, गाडी बोलावली, कागदावर स्वतःच्या हातानं कारण लिहून सही केली. तासाभरात त्या त्याच दारासमोर उभ्या होत्या. या वेळी पायरीवर बसल्या नाहीत.

"आज मी बसायला आले नाही," त्या दाराला म्हणाल्या. "तुम्हाला न्यायला आलेय. तुम्ही उपाशी आहात आणि मला भीती वाटतेय."

मग कडी निघाली. दारात उभी असलेली ती वाळून पाचोळा झाली होती. तिनं झटापट केली नाही, आरडाओरडा केला नाही. डॉक्टरांकडे बघून ती फक्त म्हणाली, "तुम्ही पण?"

हे दोन शब्द बाईंना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिले, जेवताना, नळाखाली हात धुताना.

मुख्य कार्यालयानं लेखी खुलासा मागवला, की इतके दिवस काय करत होतात? समाजसेवक म्हणाला, आपण तिघांचा निर्णय होता असं लिहू. भावानं लपवलं हेही लिहू.

"ऐकायचं सगळ्यांचं," बाई म्हणाल्या, "पण उत्तर द्यायचं एकानं. त्यासाठीच मला ती खुर्ची दिलीय."

त्यांनी लिहिलं, की उशीर माझ्यामुळे झाला. सिस्टरनी शंका काढली होती, मी ती मनावर घेतली नाही. खाली एकच नियम सुचवला. तिघांपैकी कुणालाही 'हे बरोबर नाही' असं वाटलं, तर त्यानं पुरावा आणायची गरज नाही. त्या पेशंटला त्याच दिवशी जाऊन बघायचं. कागद पाठवण्याआधी तो सिस्टरना वाचायला दिला. सिस्टरनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

पुस्तकं बांधणारी बाई चार महिन्यांनी घरी परतली. अंगावर मांस चढलं, भिंती गप्प झाल्या, हात पुन्हा खळीत बुडाले. पण सावकाश डॉक्टरांचं तोंड बघणार नाही, असं तिनं सांगून ठेवलं. बाईंनी ते मानलं. तिला तपासायला मोठ्या रुग्णालयातून दुसऱ्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा बोलावलं, आणि त्या दिवशी स्वतः वाचनालयात खाली जाऊन बसायचं ठरवलं. नवरा म्हणाला, प्रमुख तू आणि हद्दपारही तूच. बाईंना ते दिवस मात्र फार आवडत. उंच कपाटांच्या मध्ये बसून वरच्या खुर्च्या सरकल्याचे, कुणी हलकेच हसल्याचे आवाज त्या ऐकत, आणि आपण नसतानाही ते सगळं चाललंय याचं त्यांना एक अलगद सुख वाटे.

दीड वर्षानं सिस्टरनी निरोप आणला. ती पुस्तकं बांधणारी बैठकीला यायचं म्हणते. पेशंट म्हणून नाही, आमच्या बाजूचं कुणी तिथे नको का, असं विचारते.

ती आली, खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली, आणि पहिला अर्धा तास बोलली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या चाळीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षकाबद्दल बोलणं चाललं होतं. त्यानं औषध नाकारलं होतं, आणि बाईंचं मत पडलं की आठवडाभरात त्याला रुग्णालयात हलवावं.

"त्याला कुणी विचारलं का, औषधानं काय होतं ते?" ती म्हणाली. "मला तर सुईत दोरा ओवता यायचा नाही. मी सहा वर्षं सांगितलं नाही, कारण तुम्ही कुणी विचारलं नाही."

बाईंनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं थोडं थांबून बघितलं, अजून काही येतंय का. मग कागदावरचं 'आठवडाभरात हलवावं' खोडलं, आणि शिक्षकाच्या घरी आज कोण जाऊ शकतं, असं विचारलं.

"मी येते," ती म्हणाली. "पण बोलायचं मी."