महिन्याहून जुना बैल

आमच्या घरमालक काकांच्या वारलेल्या बैलाचे सगळे फोटो मी सर्व्हरवरून पुसून टाकले. चुकून हात लागला, असंही नाही. पहाटे ते आपोआप पुसले जावेत अशी मी रीतसर व्यवस्था केली होती.

मारुंजीत काकांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांचे सर्व्हर सांभाळतो. जिथे पूर्वी काकांचा ऊस असायचा तिथे आता त्यांचं मंगल कार्यालय आहे. त्याची वेबसाइट मीच करून दिली. "तू कंपूटरवाला ना? मग कर की," एवढ्यात माझी मुलाखत आटोपली. अट एकच होती. हॉल, स्टेज, जेवणाची व्यवस्था काय दाखवायचं ते दाखव, पण एक पान आपल्या बैलाचं पायजे. हा बैल बैलगाडा शर्यतींच्या घाटात पळालेला, गुलालात न्हालेला. म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. काकांचा जुना फोन त्याआधीच पाण्याच्या हौदात पडला होता, त्यामुळे त्याचे फोटो उरले होते ते फक्त त्या पानावर. रोज सकाळी चहा झाला की काका ओट्यावर बसून पान उघडायचे आणि अंगठ्याने एकेक फोटो सरकवायचे. काकू आतून म्हणायच्या, "बसले देवपूजेला."

ऐन लग्नसराईत वेबसाइट बंद पडली. कारण साधं होतं. कुणी हॉलचा फोटो पाहिला की सर्व्हर त्याची एक छोटी प्रत कॅशे नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोटो पटकन उघडतो. या प्रती साठत गेल्या, कुणी काढल्या नाहीत, आणि जागा संपली. मी एक ओळ लिहिली: या फोल्डरातलं महिन्याहून जुनं जे असेल ते रोज पहाटे काढून टाक. वेबसाइट पळायला लागली. कंपनीत चहाच्या टपरीवर मी हा पराक्रम दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा कुणी विचारलेलं नसताना. लागेल तेव्हा प्रती पुन्हा बनतात, म्हणून त्या फोल्डराचा बॅकअपही मी घेत नव्हतो. कचऱ्याचा बॅकअप कोण घेतो?

फक्त एक गोष्ट विसरलो. बैलाचे फोटो फार मोठे होते. वेबसाइट ते घेईना, तेव्हा घाईत मी ते काकांच्या फोनवरून थेट त्याच फोल्डरात कोंबले होते. नंतर हलवू म्हणून.

एके सकाळी ओट्यावरून हाक आली. "अरे, बैल दिसंना!"

"रेंज नसेल, काका," मी जिन्यातून म्हणालो.

"रेंज? टावर आपल्याच गच्चीवर हाय की."

वर जाऊन लॅपटॉप उघडला. फोल्डरात बैलाचा एकही फोटो नव्हता. खाली आलो. काकांना सांगायचा प्रयत्न केला. "जुन्या फायली आपोआप जातात, काका. महिन्याहून जुन्या. त्यात आपले फोटो पण..."

काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "जुना? रोज बघतोय की मी त्याला. मग जुना कसा झाला?"

फाइल ठेवली कधी, एवढंच सर्व्हर बघतो. तिच्याकडे कोण रोज बघतं हे त्याला विचारायला मी सांगितलंच नव्हतं. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फोन पालथा घातला आणि म्हणाले, "चा घेतलास का?"

मार्ग काकूंनी काढला. "बैलाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लावलेलं ना चौकात? ते करणाऱ्याकडं बघा."

काकांना बाईकवर मागे बसवून काळेवाडी गाठली. फ्लेक्सवाल्याच्या कंप्युटरवर इतक्या फायली पसरलेल्या होत्या की खालचं चित्र दिसत नव्हतं. एरवी मी त्याला व्याख्यान दिलं असतं. या वेळी एवढंच विचारलं, "भावा, हे कधी साफ करतोस?"

"कशाला करायचं? पडलेला उमेदवार पुन्हा उभा राहतोच की, राव."

उमेदवारांच्या गर्दीतून शोधता शोधता बैल सापडला. एकच फोटो, शेवटच्या वाढदिवसाचा. अंगावर झूल, कपाळाला गुलाल, मान जरा वळवलेली, कुणी हाक मारल्यासारखी. खाली गोल चौकटींत शुभेच्छुक: काकांचे पुतणे, आणि उजव्या कोपऱ्यात, थेट बैलाच्या मागच्या खुराशी, गॉगल लावून हात जोडलेला मी.

"याला काढता येईल?" माझ्या चौकटीवर बोट ठेवून काकांनी विचारलं.

"सगळं एकत्र चिकटलंय, काका. याला काढला तर मागचा पाय जातो," फ्लेक्सवाला म्हणाला.

काकांनी बराच विचार केला. मला वाटलं, इतका करायची गरज नव्हती. "न्हाई," ते शेवटी म्हणाले. "पाय जाऊन द्यायचा न्हाई. राहू दे ह्याला."

घरी येऊन तो फोटो योग्य फोल्डरात ठेवला. काकांच्या फोनमध्ये ठेवला, काकूंच्या फोनमध्ये ठेवला, माझ्याही. पहाटेची सफाई अजून चालू आहे, पण आता ती खऱ्या कचऱ्याचीच होते. बाकीचे फोटो गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा ओट्यावर होते. दोन बोटांनी फोटो मोठा करून त्यांनी बैलाचं तोंड पडदाभर केलं आणि चहा निवेपर्यंत तसेच बसले. काकू मागून वाकल्या, पदराने चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

"ग्वाड दिसतोय," त्या म्हणाल्या. मग फोटो खाली सरकवून जिन्यातल्या माझ्याकडे वळल्या. "अन् खालचं हे गॉगलवालं? हे जात न्हाई का महिन्यानं आपोआप?"