फुलांसाठी धरलेला सूर

देवघरातलं निर्माल्य आणि घरातले किस्से सारखेच साचतात. टाकवत नाहीत आणि कुणी मागायलाही येत नाही. आमचे हे चेन्नईला गेल्यापासून तर ऐकणारंही कुणी नाही, म्हणून लिहिते.

हे, म्हणजे माझे यजमान, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून रिटायर झाले, पण ओळख ट्रॉम्बोनवाले अशीच. त्या वाद्याची नळी हातभर पुढे सरकवावी लागते, आणि तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं घर अरुंद. म्हणून हे खिडकीत उभे राहून वाजवत, नळी गजांतून बाहेर!

फुलवाली चेल्लम्मा जाता जाता पुडी खिडकीच्या खिळ्याला अडकवायची. एकदा तिनं ती नळीलाच अडकवली. नळी हलली तर फुलं पडणार, आणि जमिनीवर पडलेली देवाला चालत नाहीत. हाक मारावी तर तोंड वाद्यात. ह्यांनी तोच एक सूर धरून ठेवला, मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत. चेहरा लालबुंद! पुढे रोजचंच झालं ते. खिळा केव्हा गळून पडला कळलंही नाही.

*

ह्यांच्या आत्याबाईंनी एकदा विचारलं, तू वाजवतोस ते जॅझ म्हणजे नेमकं काय रे? हे म्हणाले, पुढं काय वाजणार ते वाजवणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं.

"मग एवढा अभ्यास कशाचा करतोस?"

*

बासष्टाव्या वर्षी ह्यांना चेन्नईच्या एका स्टुडिओनं अल्बमसाठी बोलावलं. पंधरा दिवसांचं काम. अल्बम पुरा होईपर्यंत कॉफी सोडते, असं मी देवाला बोलले. तंजावूरच्या बाईनं कॉफी सोडायची! पंधरा दिवस म्हणून बोलले हो. आज पाच महिने झाले. दुपारी कॉफीच्या डबरा-टंबलरमधून गरम पाणी पिते. ह्यांना सांगितलेलं नाही.

*

भात अजून दोघांचाच शिजतो, हात ऐकत नाही. उरलेला कावळ्याला. तो आता इतका जाड झालाय की भिंतीवर उडी मारून बसतो.

*

अल्बमचं अडलं ते शेवटच्या सुरापाशी. दर वेळी मधेच तुटायचा. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, काँप्युटरवर लांबवून देतो, सर. हे नको म्हणाले. मला फोनवर म्हणाले, "तो लागल्याशिवाय घरी कसा येऊ गं?"

मी सोमवारही धरले.

*

परवा सकाळी फोन आला. "ऐक," एवढंच म्हणाले. माझे हात पिठाचे. स्पीकर लावून फोन खिडकीत ठेवला. शेवटचा सूर लागला आणि तसाच राहिला.

गल्लीतून चेल्लम्मा येत होती. हे चेन्नईला गेल्यापासून ती पुडी दाराच्या कडीला अडकवते. दारापर्यंत गेली, थबकली, मागे वळून खिडकीखाली आली. वर न बघताच, नेहमीसारखा, तिनं पुडीचा हात उंच केला.

सूर अजून चालूच होता. मी पिठाचाच हात गजांतून बाहेर काढला.