रिकाम्या कपाचा फोटो

माझ्या माडीवर राहणाऱ्या पोरीइतकं फोनमध्ये बुडालेलं माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही, आणि तिला त्यातून ओढून काढायला निघालेली माझ्याइतकी बावळट म्हातारीही. एका रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी तिचा फोन उचलला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला. वरून दोन ओंजळी पीठ पसरलं, हात झटकले. आपण मोठं समाजकार्य करतोय, असं मला वाटत होतं.

पोरगी भूमची. इथं कॉलेजात शिकते, माझ्या माडीवर भाड्यानं राहते. तिला सोडायला आलेला बाप जाताना हात जोडून म्हणाला होता, "पोरीवर ध्यान ठेवा, आज्जी." ते ध्यान मी इतकं ठेवलं की ती किती वाजता शिंकते हेसुद्धा मला ठाऊक. पण ध्यान ठेवायचं कुणावर? पोरगी दिसायचीच नाही, दिसायचा तो फोन आणि त्याच्यामागं दोन वेण्या. भाकरी वाढली की आधी भाकरीचा फोटो, मग ठेच्याचा, मग दोघांचा मिळून. तोवर भाकरीचा पापड झालेला असायचा. जिना उतरताना बोलायची, चढताना बोलायची, आणि मधल्या पायरीवर थांबून जे हसायची ते शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. गच्चीवर मी कुरडया वाळत घातल्या की हिचा नाच नेमका तिथंच. एकदा तिनं नाचाचं रील टाकलं, त्यात मागं मी काठी घेऊन कावळे हाकतेय. खाली लोकांनी विचारलं, "मागची आज्जी कोण? तिलाच दाखवा." मी वरवर लई चिडले. नंतर गुपचूप चार वेळा बघितलं.

पण कहर होता तो कपाचा. रोज सकाळी अंघोळ झाली की खिडकीत कप ठेवायचा, फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा. कपात चहा नसायचाच.

"अगं, रिकाम्या कपाचा काय फोटो काढतीस?"

"आज्जी, कप महत्त्वाचा."

झालं, मी व्याख्यान सुरू करायची. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्हाला घरात बसवत होतं, घरच्यांशी बोलत होतो, भरल्या घरात मन रमत होतं. पोरगी मान हलवायची आणि तेवढ्यात माझ्या व्याख्यानाचाही व्हिडिओ काढायची.

तर त्या रविवारी कप झाला नाही. अंघोळ करून आली आणि फोन नाही म्हणून तिनं खोली उलटीपालटी केली. "आज्जी, तुमच्या फोनवरून रिंग द्या की." मी म्हटलं, "माझं रिचार्ज संपलंय." या वयात इतकं सराईत खोटं बोलता येतं याचं मला कौतुकच वाटलं. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा वाटेत पडला असेल, म्हणत ती तशीच ओल्या केसांनी डेअरीकडं पळाली. मी निवांत चहा टाकला. पोरगी आता दिवसभर पुस्तकात डोकं घालेल, परीक्षा तोंडावर आलीय, पास होईल, बाप माझं नाव काढेल, असं सगळं चित्र डोळ्यापुढं उभं राहिलं.

चहा उकळायच्या आत दारात दोन मोटारसायकली आणि एक स्कूटी. सगळी तिच्या वर्गातली पोरं-पोरी. स्कूटीवरची रुखसार गावातलीच, उंबऱ्यातूनच ओरडली, "आज्जी, सच बोला, ती ठीक हाय ना?"

"तिला काय धाड भरलीय? डेअरीकडं गेलीय."

"मग फोन का उचलत न्हाय?" ढोकीचा एक लंबूटांग पोरगा होता, त्यानं लगेच नंबर लावला. आणि माझ्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा गुरगुरायला लागला. झाकण थडथडतंय, सगळे डब्याकडं बघतायत.

"ज्वारीला सोंडे किडे लागलेत," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. रुखसारनं डबा उघडून फोन काढला, ओढणीनं पुसत खाली बसली आणि सांगायला लागली. मागच्या परीक्षेत पोरीचे दोन विषय गेले होते. घरी सांगायची छाती होईना. कॉलेज बंद, जेवण बंद, खोलीत नुसती भिंतीकडं तोंड करून पडून. मैत्रिणींना शंका येऊन त्या वर गेल्या तेव्हा उठून बसायचंही त्राण नव्हतं. तेव्हापासून यांचं ठरलं, रोज सकाळी प्रत्येकानं कप टाकायचा. ज्याचा कप दिसला नाही त्याच्या दारात बाकीच्यांनी जायचं.

मला ते दिवस चांगले आठवत होते. "माझा उपास हाय" असं तिनं जिन्यावरूनच सांगितलं होतं. मी गल्लीभर सांगत सुटले होते, काय गुणाची पोर, काय कडक उपास! रोज साबुदाण्याची खिचडी वर पाठवत होते.

"मग माझी खिचडी कोण खात होतं?"

"मांजर," रुखसार म्हणाली.

तरीच त्या दिवसांत मांजर लई बाळसं धरून होतं. एका जिन्याचं अंतर, आणि माझं ध्यान मांजराला लागू पडलं होतं.

तेवढ्यात पोरगी परत आली. घामाघूम, डोळे सुजलेले. दारातली गर्दी बघितली, रुखसारच्या हातातला पुसूनही पांढराच राहिलेला फोन बघितला, मग माझे पिठाचे हात. फोन घेऊन वर गेली, सगळे तिच्यामागं गेले. दिवसभर मी जिन्याखाली कान लावून बसले. बॅग ओढल्याचा आवाज येतो का, एवढंच ऐकत होते. ही खोली सोडून गेली तर त्यात माझी चूक होती हे कळत होतं. ते कळून घरातली शांतता कमी होणार नव्हती. माझी पोरं पुण्याला गेल्यापासून ती शांतता मला चांगली पाठ आहे.

संध्याकाळी ती खाली आली. मी भाकरी थापत होते, त्याच पिठाची. ती बाजूला बसली, आणि मी माफी मागायच्या ऐवजी भलतंच सांगून बसले. नवी नवरी असताना भरल्या घरात माझा जीव गुदमरायचा. गावात एक हापसा होता, तिथं माझ्याएवढ्या चार जणी भेटायच्या. तिथं जायला कारण पाहिजे, म्हणून मी भरलेली घागर परसात शेवग्याच्या बुडात ओतायची आणि परत पाण्याला निघायची. तेही दुष्काळात! सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, सून कामाला लई वाघीण आहे. त्या वर्षी आमच्या शेवग्याला जेवढ्या शेंगा लागल्या तेवढ्या गावात कुणाच्या लागल्या नाहीत. आणि एखाद्या दिवशी मी नाही गेले की त्या चौघी घागरी काखेत घेऊन सरळ दारात हजर.

पोरगी आधी फुसकन हसली, मग पोट धरून हसली. मग माझा फोन ओढून घेतला. "रिचार्ज हाय की, आज्जी," म्हणाली आणि मला स्टेटस टाकायला शिकवायला बसली. मी म्हटलं, माझा कप बघणार कोण? पुण्याच्या पोरांना सवड नाही. ती बोटानं आपल्या फोनच्या कडेला अडकलेलं पीठ काढत राहिली. मग म्हणाली,

"सकाळी चहाचं आलं कुटताना तुमचा खलबत्ता वाजला की मी उठते, आज्जी. त्या वाईट दिवसांतबी तेवढा एक आवाज ऐकत पडायची मी. परीक्षा झाली की मी जाणार, मग मला तो कसा ऐकू येणार? म्हणून कप टाकायचा. नाही दिसला, तर मी भूमहून निघून येणार. कारणबिरण लागणार न्हाय, घागर भरलेली असली तरी."